वरून नवाहो, आतून जर्मन सिल्व्हर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉलेजच्या मुलींसाठी 'नवाहो लूक' असं अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, निळ्या खड्यांचं रुंद ब्रेसलेट, गळ्यात मोठी माळ, आणि खाली लिहिलेलं की ही नवाहो डिझाइन सध्या ट्रेंडिंग आहे आणि आता सोलापुरातपण मिळायला लागलीय. आमच्या धाकटीने ते वाचलं आणि संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन गेली एका प्रदर्शनात, अठराशे रुपये मोजून ब्रेसलेट घेऊन आली. स्टॉलवाला म्हणाला म्हणे की ओरिजिनल नवाहो सिल्व्हर आहे ताई, अमेरिकेतले आदिवासी हाताने करतात, इंपोर्टेड माल. बाप पन्नास वर्षं चांदीत बसलाय आणि पोरगी चांदी घ्यायला प्रदर्शनात जाते, यावर आमच्या हिने जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

मी सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात चांदीकाम करतो. दुकान म्हणायचं तर लाज वाटेल एवढा गाळा, ऐरण, भट्टी, एक स्टूल आणि अप्पांच्या काळापासूनची ठशांची पेटी. अप्पा म्हणजे माझे वडील. नवीन डाग, म्हणजे दागिने, आता फार कमी येतात, जास्त करून रिपेअरी, पैंजणाला डाख देणं (म्हणजे धातू वितळवून सांधा जोडणं), जोडव्याचा साईज, ताम्हन-निरांजन पॉलिश, असलं. त्यामुळे ब्रेसलेट हातात घेतलं त्याच क्षणी मला कळलं होतं, आकाराच्या मानाने ते हलकं होतं, चांदी अशी हलकी लागत नाही. पण पोरीचं तोंड बघून त्या रात्री काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं, कडेला कानस मारली, कसोटीवर घासलं आणि नायट्रिकचा थेंब सोडला, झालं, हिरवंगार. जर्मन सिल्व्हर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या घरातलं जर्मनचं पातेलं असतं ते वेगळं, ते ॲल्युमिनियम. हे जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, नावात सिल्व्हर आणि आत चांदीचा कणसुद्धा नाही. मग खडा. हिच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस खड्यावर फिरवला तर कापूस निळा झाला. फिरोजा नव्हताच, पांढऱ्या दगडाला रंग मारलेला. पैशाचं म्हणाल तर त्या वजनाची खरी चांदी अठराशेत आलीच नसती, घडणावळ तर लांबच, तेव्हा चूक आमच्या पोरीचीपण आहे आणि ती मी तिच्या पदरात घातली. पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

झालं असं की माझ्याकडे खरं नवाहो ब्रेसलेट त्याच आठवड्यात रिपेअरीला आलेलं होतं. योगायोगच म्हणायचा. माझा भाचा ॲरिझोनात फिनिक्सला नोकरीला आहे, तो दोन वर्षांमागे गाडीने न्यू मेक्सिकोत गॅलप नावाच्या गावी गेला होता, तिथे नवाहो लोकांचा चांदीचा मोठा बाजार आहे, तिथून त्याने बायकोसाठी एक घेतलेलं. खडा हलायला लागला तर तिकडे कुठे दाखवायचं म्हणून दिवाळीला येताना घेऊन आला, "मामा, बघ की, तुझ्यासारख्याच एका माणसाने केलंय, तूच कर." आता तुम्हाला सांगतो, मी ते भिंगाखाली धरलं आणि पंधरा-वीस मिनिटं दुसरं कामच केलं नाही.

जाड चांदीचा पत्रा, वर ठशांची नक्षी, छोट्या छोट्या चंद्रकोरी ओळीने मारलेल्या. आणि त्या सारख्या नाहीत! एक खोल, एक उथळ, सातव्या की आठव्या ठशाला हात जरा सरकलाय आणि ती कोर शेजारणीवर चढलीय. मागच्या बाजूला बोट फिरवलं की हातोड्याचा मार लागतो. खड्याभोवतीचं कोंदण म्हणजे पातळ पट्टी, तिला कानसेने करवतीसारखे दाते पाडलेले, एकेक दाता हाताने. पोरीच्या ब्रेसलेटवर तीच नक्षी होती, पण तिथे सगळ्या कोरी जुळ्या बहिणी, कडा गुळगुळीत विरघळल्यासारख्या, आणि मध्ये बारीक भोकं. साच्यात ओतलेला माल, एका ब्रेसलेटवरून रबराचा साचा काढायचा आणि हजार ओतायचे. म्हणजे मूळ कुणाच्या तरी हाताची चूकसुद्धा जशीच्या तशी कॉपी झाली असणार, मी शोधली, नाही सापडली, बहुतेक कॉम्प्युटरवर सरळ करून घेतली असेल.

मग खडा काढला. आणि कोंदणात खाली काय निघावं, लाकडाचा भुसा! पहिल्यांदा तर मी भाच्याला शिव्या घातल्या, म्हटलं तुलापण फसवलं बे, आपण लाख भरतो आणि यांनी भुसा भरलाय. त्याने तिथे कुणाकडे तरी चौकशी केली आणि मग कळलं की ती त्यांची जुनी पद्धतच आहे, खडा उंच बसावा आणि खालून त्याला गादी मिळावी म्हणून भुसा घालायचा. फिरोजा तसा नाजूक दगड, ठोकर लागली तर चिरतो. फक्त पाण्यात घालायचं नाही, भुसा फुगला की खडा उचलतो, आणि आमच्या भाचेसूनबाई ते घालून भांडी घासत होत्या. मी भुसाच भरून दिला परत, शेजारच्या सुताराकडून सागाचा आणला. लाख भरली असती तर माझ्या हाताला सोपं होतं पण मन झालं नाही.

तेव्हापासून मला नाद लागला. रोज रात्री जेवण झालं की मोबाईलवर वाचत बसायचं आणि भाच्याला विचारायचं. जे कळलं त्यातलं थोडं आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं कारण पुरवणीतल्या अर्ध्या पानात त्यातलं एक अक्षर नव्हतं.

नवाहो हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं, ते स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे नुसतं 'माणसं'. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा मुलूख आहे, सत्तर हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपल्या सोलापूर जिल्ह्यासारखे चार-पाच जिल्हे मावतील. स्वतःचं सरकार आहे, विंडो रॉक नावाची राजधानी आहे, १९६८ साली स्वतःचं कॉलेज काढलं. मूळचे मेंढ्या पाळणारे आणि लोकर विणणारे लोक, आपल्या धनगरांसारखे, विणकाम बायका करतात आणि त्यांच्या घोंगड्या जगभर जातात. चांदी मात्र त्यांच्याकडे तशी उशिरा आली.

अत्सिदी सानी नावाचा माणूस त्यांचा पहिला चांदीकामगार मानतात. अत्सिदी म्हणजे ठोकणारा, घडवणारा, आणि सानी म्हणजे म्हातारा, म्हणजे आपल्याकडे 'म्हातारे सोनार' म्हणावं तसं, धंद्याचंच नाव झालेलं. १८५० च्या आसपास एका मेक्सिकन लोहाराकडून तो लोखंडकाम शिकला, घोड्याचे लगाम वगैरे, कारण लगाम विकत घ्यायला महाग पडायचे. चांदी पुढे. आणि मधे जे घडलं ते वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता. १८६४ ला अमेरिकन सैन्याने त्यांची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, पीचची झाडं तोडली आणि हजारो लोकांना पाचशेक किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेला बोस्के रेडोंडो नावाच्या उघड्या माळावर नेऊन कोंडलं. चार वर्षं. पाणी खारट, पीक येईना, माणसं मेली. १ जून १८६८ ला करार झाला आणि मग त्यांना आपल्या मुलखात परत जाऊ दिलं. चांदीचं काम खरं फुललं ते त्या परतीनंतर.

आता हे वाचताना सोलापूरच्या माणसाला काय आठवणार? सेटलमेंट. आपल्या शहरात आजपण त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं, पण ते नाव का पडलं हे नवीन पोरांना ठाऊक नसतं. १८७१ ला इंग्रजांनी कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो आपल्याकडे लागू झाला आणि पारधी, कैकाडी, टकारी असल्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावायला लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. अप्पा सांगायचे, तिथली काही माणसं गिरणीत होती, पगार झाला की बायकोसाठी वाळे नाहीतर जोडवी करायला आमच्याकडे यायची, आणि कट्ट्यावरचे काही लोक त्यांना दुकानात उभं करत नसत. म्हणून ती आमच्यासारख्या बोळातल्याकडे यायची. तर तिकडे १८६४ आणि इकडे १८७१, मला ते दोन आकडे शेजारी शेजारी दिसले आणि डोक्यातून जाईनात.

परत चांदीकडे येतो. चांदी आणायची कुठून? खाण नव्हती त्यांच्याकडे. तर नाणी वितळवायची. तेव्हाचा अमेरिकन डॉलर नव्वद टक्के चांदीचा, मेक्सिकन पेसोही जवळपास तसाच. १८९० च्या सुमाराला अमेरिकन नाणी मोडायला सरकारने आडकाठी केली तर पेसो वापरायला लागले, पत्र्याची तयार चांदी नंतर आली. हे वाचून मला हसूच आलं कारण आमचा धंदापण राणीछाप रुपयावरच उभा राहिला, तोळ्याचा रुपया, अकरा ग्रॅम सहासष्ट, त्यातली एक्याण्णव टक्क्यांच्या वर चांदी. माणूस बाजारात रुपये घेऊन यायचा, मोजून मुशीत टाकायचे आणि संध्याकाळी तोडे घेऊन जायचा. आणि लमाण तांड्यावरच्या बायका तर रुपया वितळवायच्याही नाहीत, कडी लावून सरळ गळ्यात. केसांतल्या घुगऱ्या, गळ्यातली हांसळी, नाण्यांच्या माळा, अप्पांनी आयुष्यभर त्यांच्यासाठी केलं. मग १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला निकेलचा रुपया आला, तो विषय संपला.

हत्यारांचं तर अजून भारी. ठसे कशाचे केले, तर मोडक्या कानसा आणि भंगारातलं लोखंड. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा (माझ्याकडेपण तोच आहे, कुठून आला विचारू नका). भाता बकऱ्याच्या कातड्याचा. नक्षीची कल्पना कुठून आली, तर मेक्सिकन लोक घोड्याच्या खोगिराच्या चामड्यावर ठसे मारायचे, ते बघून यांनी चांदीवर मारले. वॉशिंग्टन मॅथ्यूज नावाचा एक सैन्यातला डॉक्टर तिथे नेमणुकीला होता, त्याने या कारागिरांना समोर बसवून काम बघितलं आणि सगळं बारकाईने लिहून ठेवलं, ते १८८० च्या दशकात छापून आलं. जमिनीवर बसून, एवढ्याशा सामानात एवढं बारीक काम कसं करतात याचंच त्याला नवल. आमच्या गाळ्यात कुठला डॉक्टर येऊन बसला नाही, आला तरी बसायला जागा नाही.

एक गोष्ट तर फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. त्यांचा चांदीच्या चकत्यांचा कमरपट्टा असतो, चकतीला कोंचो म्हणतात, स्पॅनिश भाषेत शिंपला. सुरुवातीच्या चकत्यांना मधोमध पत्त्यातल्या चौकटसारखं भोक असायचं आणि आडवी दांडी सोडलेली, त्यातून चामड्याचा पट्टा ओवायचा. का? कारण डाख देता येत नव्हता! मागे कडी जोडायची कशी? मग डाख जमला, मागे तांब्याची कडी बसली, आणि मधलं भोक बंद झालं, नक्षीला जागा मिळाली. डाख आला म्हणूनच १८८० च्या आसपास कोंदण आलं आणि चांदीत फिरोजा बसायला लागला. म्हणजे लोकांना ज्या निळ्या खड्याने नवाहो दागिना ओळखू येतो तो खडा चांदीत यायला सवागी (डाखाला लागणारा टाकणखार) आणि फुंकणीची वाट बघत होता. फिरोजा त्यांच्याकडे आधीपासून होताच, चांदीच्या किती तरी आधीपासून. त्यांच्या मुलखाच्या चार दिशांना चार पवित्र डोंगर मानतात आणि दक्षिणेचा डोंगर, माउंट टेलर, तो फिरोजाचा. पूर्वेचा पांढऱ्या शिंपल्याचा. आपण नवरत्नांच्या अंगठीत ग्रह बघतो तसं ते दगडात दिशा बघतात.

आणि ती मोठी माळ, पुरवणीत जिचा फोटो होता, तिला इंग्रजीत भोपळ्याच्या फुलाची माळ म्हणतात. भाच्याने व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आमची ही मागून भाजी निवडता निवडता म्हणाली, "भोपळ्याचं कसलं, हे डाळिंब आहे." हिचं माहेर सांगोल्याचं, घरची डाळिंबाची बाग, फुलातून फळ धरताना वर तो मुकुट कसा उघडतो हे तिला कुणी शिकवायला नको. आणि संपादक साहेब, ती बरोबर निघाली! जाणकारांचं म्हणणं तेच आहे, स्पेन आणि मेक्सिकोकडच्या कपड्यांवर चांदीची डाळिंबाची बटणं लावायचे त्यावरून तो मणी आला, भोपळा नंतर कुणीतरी चिकटवला. नवाहो भाषेत त्या मण्याच्या नावात भोपळाही नाही आणि डाळिंबही नाही, नुसतं 'फाकलेला मणी' अशा अर्थाचं आहे. माळेच्या मध्यभागी खाली चंद्रकोर लोंबते तिला नाहा म्हणतात, ती तर अरबांकडून स्पेनमध्ये, स्पेनमधून मेक्सिकोत आणि घोड्याच्या कपाळावरून यांच्या गळ्यात आलीय, मुळात नजर लागू नये म्हणून घोड्याला बांधायचे. आपण बेंदराला बैलाच्या कपाळाला जे बांधतो त्याच जातीची वस्तू.

म्हणजे बघा, ठसा खोगिराचा, कोर अरबांची, डाळिंब स्पेनचं, चांदी सरकारी नाण्यांची. हे सगळं दुसऱ्याचं घेतलेलंच होतं. म्हणून मी कॉपी करणाऱ्याला चोर म्हणणार नाही, तो माझा मुद्दाच नाही. अप्पांनी हुपरीचे पैंजण बघून पैंजण केले, कोल्हापुरी साज बघून साज केला, मीपण करतो, डिझाइन वाऱ्यावर फिरते. पण अप्पा गिऱ्हाईकाला सांगायचे, हुपरीचं हवं तर हुपरीला जा, हे माझ्या हातचं आहे. बोभाट आहे तो हात लपवण्याचा. स्टॉलवाल्याने 'अशा पद्धतीचं जर्मन सिल्व्हर, तीनशे रुपये' म्हणून विकलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, पोरीला शोभून दिसतं, घाल बाई.

अमेरिकेत हे दुखणं शंभर वर्षं जुनं आहे. १८८१ ला रेल्वे गॅलपपर्यंत आली आणि टुरिस्ट यायला लागले. त्यांना नवाहोंचे जड डाग झेपेनात, म्हणून १८९९ च्या सुमाराला फ्रेड हार्वे कंपनीने, जिची रेल्वेच्या मार्गावर हॉटेलं होती, हलकी ब्रेसलेटं करून घ्यायला सुरुवात केली, त्यावर बाण, वीज, असलं टुरिस्टाला 'इंडियन' वाटेल ते. त्यात एक चिन्ह होतं आपल्या स्वस्तिकासारखं, नवाहोंच्या एका आजार बरा करण्याच्या विधीतलं, फिरत्या ओंडक्यांचं. ते हजारो ब्रेसलेटवर मारलं गेलं आणि मग हिटलर आला. फेब्रुवारी १९४० मध्ये नवाहो, होपी आणि आणखी दोन जमातींच्या लोकांनी जाहीरपणे सही करून सांगितलं की आम्ही हे चिन्ह इथून पुढे वापरणार नाही. आपल्या उंबऱ्यावर रोज रांगोळीत स्वस्तिक काढणाऱ्यांनी हे एकदा विचार करून बघावं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या पापासाठी आपल्या आजीचं चिन्ह सोडायचं.

मग मशीनचा माल आला, मग परदेशातला. १९३५ ला सरकारने या कलांसाठी बोर्ड नेमलं, १९९० ला कडक कायदा केला की आदिवासीने केलेलं नसताना तसं सांगून विकलं तर पहिल्या गुन्ह्यालाच अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. तरी चालूच आहे. २०१८ ला अल्बुकर्कीतल्या एका दुकानदाराला सहा महिन्यांची कैद झाली, फिलिपाइन्समध्ये बनवून घ्यायचा आणि नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकायचा. खरं काम करणाऱ्याचा त्यात जीव जातो कारण त्याच्या आठवड्याच्या मजुरीच्या पाव किमतीत बाजूच्या खिडकीत तेच दिसतं. शिवाय सगळ्यालाच नवाहो म्हणतात. झुनी वेगळे, त्यांचं बारीक खड्यांचं काम, ते चांदी नवाहोंकडून शिकले. होपी वेगळे, ते एकावर एक पत्रा चढवून वरच्यात नक्षी कापतात. दुकानात सगळे एकाच ट्रेमध्ये.

हे आपल्याला कुणी शिकवायला हवंय का हो? रेल्वे स्टेशनच्या बाहेर जाऊन सोलापुरी चादर मागा. चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी नोंद, मिळून वीसेक वर्षं झाली, आणि बाहेरच्या पावरलूमवर निघालेल्या चादरीवर सोलापुरी लेबल लावून इथे सोलापुरात विकतात. त्यावर आपण सगळे बोंब मारतो, आपल्या पेपरनेही चार वेळा पहिल्या पानावर मारलीय, बरोबरच आहे. मग दुसऱ्याच्या चादरीवर खोटं लेबल लागलं की तो ट्रेंड कसा होतो? पुरवणी लिहिणाऱ्या ताईंवर माझा राग नाही, त्यांना कुणी सांगितलं नसेल. पण 'नवाहो लूक' म्हणजे उद्या कुणी अमेरिकेत 'लमाणी लूक' म्हणून प्लॅस्टिकचे आरसे विकावेत तसं आहे. तेही विकत असतील म्हणा.

एक अजून सांगतो, यात मी स्वतः कुठे उभा आहे ते लपवणं बरं नाही. नवाहोंचे डाग व्यापाऱ्यांच्या दुकानात गहाण पडायचे. लोकर आणि कोकरं विकायचा हंगाम वर्षातून दोनदाच, मधल्या काळात पीठ, साखर, कॉफी उधारीवर, आणि उधारीला तारण म्हणून कमरपट्टा. ॲरिझोनात गॅनाडो गावी हबेल नावाच्या व्यापाऱ्याचं १८७८ सालचं तसलं दुकान अजून जपून ठेवलंय. घरात विधी असला, पोरगी वयात आल्याचा मोठा विधी असतो त्यांच्यात, पोरीला आईचे-आजीचे डाग घालतात, तर त्या दिवसापुरता डाग सोडवून किंवा मागून न्यायचा आणि परत आणून ठेवायचा. मुदतीत सुटला नाही की विक्रीला, आणि तसले गहाण बुडालेले जुने डाग आज जास्त भावाने जातात, लोक हौसेने सांगतात की हे गहाणातलं आहे. अप्पांनी गहाण कधी ठेवून घेतलं नाही, पण मोड घेतली. १९७२ च्या दुष्काळात तांड्यावरच्या बायका पोत्यातून चांदी घेऊन आल्या होत्या, हांसळ्या, घुगऱ्या, नाण्यांच्या माळा. वजन करायचं, तूट धरायची, पैसे द्यायचे आणि मुशीत. मी आठ-नऊ वर्षांचा, भाता मी ओढत होतो. अप्पांनीच केलेले काही डाग त्यात होते, ते ओळखायचे, हातात घेऊन बघायचे आणि टाकायचे. एक घुगरी त्यांनी बाजूला काढून ठेवली, विचारलं तर म्हणाले हिच्यात डाख जास्त आहे, चांदी कमी भरेल. खोटं होतं ते, मला आता कळतं.

तर माझ्या विनंत्या दोन आहेत. पहिली, पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापा की नवाहो हे डिझाइनचं नाव नसून एका समाजाचं नाव आहे, आणि जो कुणी 'ओरिजिनल' म्हणून विकतो त्याला कारागिराचं नाव आणि धातू काय आहे ते बिलावर लिहून मागा, न लिहील तर घेऊ नका. हॉलमार्क असला तरी तो फक्त चांदी किती ते सांगतो, कुणी केलं ते सांगत नाही. दुसरी, अर्धं पान नको, पाव पान द्या, पण आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर लमाणी चांदी आता किती घरांत उरलीय आणि ती करणारे हात कुठे आहेत यावर कुणालातरी लिहायला लावा. अमेरिकेत तो डॉक्टर १८८० च्या दशकात जाऊन बसला म्हणून आज मी इथे सोलापुरात बसून त्यांचा भाता कशाचा होता ते सांगू शकतो. अप्पांचा भाता कशाचा होता ते माझ्यानंतर सांगणारं कुणी नाही, धाकटी कॉम्प्युटर करतेय.

अप्पांच्या ठशांची पेटी माझ्याकडे आहे, एकशे बारा ठसे, त्यातले चाळीसेक फक्त लमाणी कामाचे, आणि ती घुगरीपण आहे. आपला वार्ताहर आला तर सगळं काढून दाखवतो, फोटो काढा, विकायचं काही नाही. दुपारी चारनंतर या, त्याआधी बोळात उजेड येत नाही आणि सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
चांदीकाम करणारा एक जुना वाचक,
सोलापूर

ता.क. : ते जर्मन सिल्व्हरचं ब्रेसलेट धाकटी अजून घालते, म्हणते दिसायला छान आहे. रंग उतरलेला खडा मीच काढून टाकला आणि त्या जागी आमच्या स्टॉकमधला एक बसवून दिला, खाली लाख भरून.